सर व्हिक्टर हॉर्स्ले : वेदनेचा माग मज्जारज्जूपर्यंत नेणारा शल्यविशारद

एप्रिल १९१६ च्या अखेरीस मेसोपोटेमियातील कुत येथे जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्की सैन्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. शरण गेलेल्यांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींचे जवान होते. त्यांना सोडविण्यासाठी टायग्रिस नदीच्या काठाने झुंजलेल्या फौजेतील हजारो जखमी आणि आजारी सैनिक त्या वेळी कुतच्या खालच्या अंगाला असलेल्या अमारा या गावातील इस्पितळांत पडून होते. त्याच अमाऱ्यात १६ जुलै १९१६ रोजी एकोणसाठ वर्षांच्या एका लष्करी डॉक्टरचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्यांचे नाव कर्नल सर व्हिक्टर हॉर्स्ले. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूवरील गाठ अचूक हेरून ती यशस्वीपणे काढणारे पहिले शल्यविशारद म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. पाठीच्या कण्यात किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूत उद्भवणाऱ्या आणि वर्षानुवर्षे न थांबणाऱ्या वेदनेवर शस्त्रक्रियेने इलाज होऊ शकतो, हे प्रथम दाखवून देणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

व्हिक्टर अलेक्झांडर हेडन हॉर्स्ले यांचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. राणी व्हिक्टोरियाची धाकटी कन्या राजकुमारी बिएट्रिस हिचा जन्मही त्याच दिवशीचा. हॉर्स्ले यांची पहिली दोन नावे राणीच्या इच्छेने ठेवण्यात आली, असे सांगितले जाते. वडील जॉन कॅलकॉट हॉर्स्ले हे नामवंत चित्रकार होते; नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ मध्ये त्यांनीच रेखाटले होते. रेल्वे आणि जहाजांचे विख्यात अभियंते इझाम्बार्ड ब्रुनेल हे वडिलांच्या बहिणीचे यजमान, तर आईचे बंधू फ्रान्सिस सेमूर हेडन हे एकाच वेळी शल्यविशारद आणि धातुपटावर कोरून चित्रे काढणारे कलावंत होते. चित्रकला, यंत्रविद्या आणि शल्यकर्म या तिन्हींचा वारसा घरातच असलेल्या या मुलाची स्वतःची इच्छा मात्र घोडदळात अधिकारी होण्याची होती. तो खर्च कुटुंबाला पेलणारा नसल्याने ते वैद्यकाकडे वळले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. भूल दिल्यावर मेंदूत नेमके काय घडते, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी तरुणपणी स्वतःवरच अनेकदा भुलीचे प्रयोग करून घेतले. १८८४ मध्ये ते ब्राउन इन्स्टिट्यूशन या प्राण्यांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले. माकडांतील अवटू ग्रंथी काढल्यास शरीराला सूज आणि मनाला मांद्य येते, हे त्यांनी तेथे प्रयोगाने दाखविले. पुढे अवटू ग्रंथीच्या विकारांवर जे उपचार निघाले, त्यांना या कामाचा आधार मिळाला. लुई पाश्चर यांची पिसाळरोगावरील लस तपासण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीचे ते सचिव होते. पॅरिसला जाऊन त्यांनी ती पद्धत समजून घेतली आणि परतल्यावर कुत्र्यांच्या तोंडाला मुसके बांधण्याच्या सक्तीचा पाठपुरावा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधून पिसाळरोग नाहीसा झाला. एखाद्या सामान्य डॉक्टरच्या आयुष्याला एवढे काम पुरले असते.

१८८६ च्या आरंभी लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील पक्षाघात व अपस्माराच्या राष्ट्रीय रुग्णालयात त्यांची शल्यविशारद म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आत, ते रॉयल सोसायटीचे सदस्यही निवडले गेले. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन, डेव्हिड फेरियर आणि विल्यम गॉवर्स यांसारखे मज्जाविकारांचे जाणकार त्या रुग्णालयाशी संबंधित होते. शरीराच्या कोणत्या भागाचे नियंत्रण मेंदूच्या कोणत्या जागेकडून होते, याचा नकाशा त्या काळात हळूहळू तयार होत होता. हॉर्स्ले स्वतः माकडांच्या मेंदूवर प्रयोग करून त्या नकाशात भर घालीत होते. निदान करणाऱ्या फिजिशियनांजवळ नकाशा होता, पण त्यावरून चालण्याची हिंमत आणि हात असलेला माणूस नव्हता. २५ मे १८८६ रोजी हॉर्स्ले यांनी अपस्माराने त्रस्त असलेल्या एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. जुन्या अपघातात कवटीला झालेल्या इजेचा व्रण त्यांनी काढून टाकला आणि रुग्णाचे झटके थांबले. त्या एका वर्षात त्यांनी मेंदूवर दहा शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांतील नऊ रुग्ण वाचले. जंतुसंसर्गाच्या भीतीने कवटी उघडण्यास मोठमोठे शल्यविशारद कचरत असत, त्या काळातील ही आकडेवारी आहे.

पाठीच्या कण्याची गोष्ट याहून अवघड होती. मेंदू उघडण्याचे धाडस पूर्वीही काहींनी केले होते. मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या पोकळीतून कमरेपर्यंत उतरणारी, बोटाएवढ्या जाडीची नाजूक दोरी. तिच्यावर दाब आणणारी गाठ जिवंत माणसात शोधून काढावी आणि माणूस बरा व्हावा, असे तोवर घडले नव्हते. अशा गाठी सापडत त्या शवविच्छेदनाच्या टेबलावर.

१८८७ मध्ये गॉवर्स यांच्याकडे बेचाळीस वर्षांचा एक निवृत्तीच्या उंबरठ्यावर नसलेला, कर्तबगार लष्करी कॅप्टन आला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक ठसठस सुरू झाली होती. ती वाढत गेली, कधी थांबली, पुन्हा दुप्पट जोराने उसळली. त्याने अनेक डॉक्टर पाहिले. कोणी बरगड्यांमधल्या मज्जातंतूचे दुखणे म्हटले, तर कोणाला त्यात मनाचा भाग दिसला. बाहेरून पाहता पाठीवर काहीच नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून आठ वर्षे होती, त्यामुळे आत पाहण्याचा मार्गच नव्हता. ज्या दुखण्याचे कारण दिसत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवणे वैद्यकाला तेव्हा जड जात असे. आजही कंबर-पाठदुखीचे कित्येक रुग्ण हाच अनुभव सांगतात. मग कॅप्टनचे पाय लटके पडू लागले. लवकरच कमरेखालचे शरीर निकामी झाले, लघवी अडली, पायांना वेदनादायक झटके येऊ लागले आणि छातीच्या एका ठरावीक रेषेखाली स्पर्शही कळेना.

गॉवर्स यांना हीच रेषा महत्त्वाची वाटली. त्वचेच्या ज्या पातळीपासून संवेदना हरपते, तिच्यावरून मज्जारज्जूवर दाब कोठे आहे हे ठरविता येते. दुखणे मनाचे नसून त्याला जागा आहे, कारण आहे, आणि ते कारण बहुधा काढता येण्याजोगी गाठ आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हॉर्स्ले यांना बोलावण्यात आले. ९ जून १८८७ रोजी दुपारी त्यांनी रुग्ण तपासला आणि काही तासांतच शस्त्रक्रिया सुरू केली. वाट पाहिल्यास मज्जारज्जू कायमचा मरेल, हे दोघांनाही उमगले होते.

पाठीच्या मध्यावर छेद घेऊन मणक्यांच्या मागील कमानी कापून काढण्यात आल्या. मज्जारज्जूचे आवरण उघडले. गाठ दिसली नाही. वर आणि खाली आणखी हाड काढले, तरीही नाही. ही त्या दुपारची खरी कसोटी होती. शोध तेथेच थांबवून जखम शिवली असती तर कोणी दोष दिला नसता. निदान चुकले, एवढेच म्हटले गेले असते आणि कॅप्टन थोड्याच महिन्यांत शय्याव्रण व मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरण पावला असता. सहायक चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी वरचा एक मणका उघडण्याचा आग्रह धरला, अशी नोंद आहे. ती कमान निघताच तिच्या खाली, मज्जारज्जूला डावीकडून दाबून बसलेली बदामाच्या आकाराची गाठ दिसली. मज्जारज्जूत तिने खोलगट खळगा पाडला होता. हॉर्स्ले यांनी ती अलगद सोडवून बाहेर काढली.

गाठ अपेक्षेपेक्षा वर का निघाली, याचे उत्तर शरीररचनेत आहे. मज्जारज्जू पाठीच्या कण्याहून आखूड असतो. त्यामुळे त्यातून निघणारे मज्जातंतू लगेच बाहेर पडत नाहीत. ते मणक्यांच्या आतून काही अंतर खाली उतरतात आणि मग बाहेर येतात. शिवाय त्वचेच्या प्रत्येक पट्ट्याला एकाहून अधिक मज्जातंतूंकडून संवेदना मिळते. म्हणून बधिरतेची वरची रेषा जेथे दिसते, त्याच्या बऱ्याच वर दाबाचे मूळ असते. आज वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे शिकवले जाते. १८८७ च्या जूनमध्ये ते एका माणसाच्या उघड्या पाठीवर शिकले गेले.

पहिले काही आठवडे वेदना गेली नाही आणि डॉक्टरांची चिंता कायम राहिली. नंतर ती ओसरू लागली. आधी एका पायात, मग दुसऱ्यात हालचाल परतली. वर्षभरात तो अधिकारी चालू-फिरू लागला आणि दिवसभराचे काम करण्याइतका धडधाकट झाला. पुढे तो सुमारे वीस वर्षे जगला आणि त्याचा मृत्यू या आजाराशी संबंध नसलेल्या कारणाने झाला. गॉवर्स आणि हॉर्स्ले यांनी १८८८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला तेव्हा त्यासोबत मज्जारज्जूच्या गाठींची पूर्वी नोंदलेली पन्नासहून अधिक प्रकरणे तपासून मांडली. त्यांतील बऱ्याच गाठी काढता येण्याजोग्या होत्या, असे त्यातून दिसले. यातनांत मेलेल्या त्या माणसांपैकी कित्येकांना वाचविता आले असते, हा त्या कोरड्या तक्त्याचा अर्थ होता.

या शस्त्रक्रियेने मणक्यांची वाट खुली झाली. १८८८ च्या अखेरीस लंडनमध्ये विल्यम बेनेट आणि न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट ॲबी यांनी केवळ असह्य वेदना थांबविण्यासाठी मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदनावाहक मुळ्या कापून पाहिल्या. हॉर्स्ले यांचे लक्ष त्या सुमारास चेहऱ्याकडे वळले होते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या विकारात चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ येते. बोलणे, घास चावणे, तोंडावर पाणी मारणे, एवढेच काय वाऱ्याची झुळूकही ती कळ उठविण्यास पुरेशी असते. या वेदनेला कंटाळून रुग्णांनी जीव दिल्याची उदाहरणे जुन्या वैद्यकीय ग्रंथांत आढळतात. चेहऱ्यावरील मज्जातंतूच्या फांद्या कापल्या की काही महिने बरे वाटे, मग फांदी पुन्हा वाढे आणि कळही परत येई. तेव्हा फांदी सोडून मूळच तोडावे, असे हॉर्स्ले यांनी ठरविले. १८९० मध्ये त्यांनी एका स्त्रीची कवटी कानाजवळून उघडून मेंदू अलगद उचलला आणि त्या मज्जातंतूचे मूळ मेंदूलगत तोडले. कल्पना बरोबर होती, पण तो आघात रुग्णाला सोसला नाही. काही तासांत तिचा मृत्यू झाला.

हे अपयश त्यांनी दडवले नाही. १८९१ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात त्यांनी ते जसेच्या तसे मांडले. त्यानंतर त्यांनी मार्ग बदलला आणि त्या मज्जातंतूची मुळाजवळची गाठवजा ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया अनेक रुग्णांवर यशस्वीपणे केली. त्याची किंमतही होती : चेहऱ्याची ती बाजू कायमची बधिर होई आणि डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली तरी रुग्णाला कळत नसे. तरीही ज्यांनी ती कळ भोगली होती, ते हा सौदा आनंदाने स्वीकारीत. मूळ तोडण्याची कल्पना १९०१ पासून फिलाडेल्फियात विल्यम स्पिलर आणि चार्ल्स फ्रेझियर यांनी पुन्हा हाती घेऊन रुळविली.

प्रयोगशाळेतही मज्जारज्जू हाच त्यांचा विषय राहिला. फ्रान्सिस गॉच यांच्यासह त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मज्जारज्जूतून वाहणारे विद्युत्प्रवाह मोजले. संवेदना कोणत्या बाजूने वर चढते आणि कोठे ओलांडते, याचा शोध त्या सूक्ष्म मापनांतून घेतला गेला. कवटीच्या हाडातून होणारा रक्तस्राव ही त्या वेळच्या शल्यविशारदांची मोठी डोकेदुखी होती. १८९२ मध्ये हॉर्स्ले यांनी त्यावर सात भाग मधमाश्यांचे मेण, एक भाग बदामाचे तेल आणि एक टक्का सॅलिसिलिक ॲसिड असे साधे मिश्रण सुचविले. हाडाच्या छिद्रांत ते दाबून भरले की रक्त थांबे. घटक बदलले, तरी हाडाचे मेण आजही जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत वापरले जाते.

१९०८ मध्ये रॉबर्ट क्लार्क यांच्यासह त्यांनी एक यंत्र जगापुढे ठेवले. प्राण्याचे डोके चौकटीत पक्के बसवून, लांबी, रुंदी आणि खोली या तीन मापांच्या आधारे मेंदूतील कोणत्याही बिंदूपर्यंत सुई नेता येईल, अशी ती रचना होती. मूळ कल्पना क्लार्क यांची होती आणि माणसासाठीही तिचा उपयोग होईल, असे त्यांना वाटे. तसे प्रत्यक्षात घडायला १९४७ साल उजाडले. फिलाडेल्फियात सुरू झालेल्या त्या पद्धतीने पुढे कंपवाताइतकेच अनिवार वेदनेच्या रुग्णांवरही उपचार झाले.

१९०९ मध्ये हॉर्स्ले यांनी मणक्यांच्या आणखी एका दुखण्यावर व्याख्यान दिले. गाठीसारखीच लक्षणे दाखविणारे, पण उघडल्यावर गाठ न सापडणारे रुग्ण त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. अशा रुग्णांत मज्जारज्जूची आवरणे जुनाट दाहाने जाड होऊन चिकटलेली आणि त्यांत पाणी कोंडलेले असते, असे त्यांनी वर्णन केले. आवरण उघडून पाऱ्याच्या द्रावणाने धुण्याचा त्यांचा उपचार काळाच्या ओघात मागे पडला. मात्र दीर्घकालीन पाठदुखीचे हे एक वेगळे कारण त्यांनी ओळखले होते.

त्यांचा हात कमालीचा वेगवान होता, आणि हा गुण की दोष याविषयी समकालीनांत एकमत नव्हते. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग १९०० मध्ये त्यांच्याकडे शिकण्याच्या उद्देशाने लंडनला आले. हॉर्स्ले त्यांना एका रुग्णाच्या खासगी घरी घेऊन गेले आणि चेहऱ्याच्या वेदनेवरील ती अवघड शस्त्रक्रिया सुमारे तासाभरात उरकून ते निघालेही. कुशिंग यांना ही घाई मानवली नाही. त्यांनी लंडनमध्ये शिकण्याचा विचार सोडला आणि पुढे संथ, रक्ताचा थेंबही वाया न जाऊ देणारी पद्धत रूढ केली. कुशिंग यांचा मार्ग टिकला, हे खरे. तरी भूल धोकादायक होती आणि रक्त चढविण्याची सोय नव्हती, त्या दिवसांत शिकलेल्या हॉर्स्ले यांच्या लेखी प्रत्येक मिनिट रुग्णाच्या आयुष्यातून कापले जात होते, हेही लक्षात घ्यावे लागते. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे की नाही, यावर निजामाच्या खर्चाने हैदराबादमध्ये १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले, तो हाच काळ. हॉर्स्ले स्वतः क्लोरोफॉर्मच वापरीत, पण त्याचे प्रमाण मोजून देण्याचा त्यांचा कटाक्ष असे.

१९०२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्यांनी मित्र जोडले तितकेच वादही ओढवून घेतले. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्यांशी ते जाहीरपणे झगडले. मद्यपानाचे ते कट्टर विरोधक होते. मेरी स्टर्ज यांच्यासह त्यांनी १९०७ मध्ये मद्याच्या शरीरावरील परिणामांविषयी पुस्तक लिहिले. स्त्रियांच्या मताधिकाराचा त्यांनी पुरस्कार केला आणि तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना बळजबरीने अन्न भरविण्याचा निषेध केला. पार्लमेंटच्या निवडणुकीत मात्र त्यांना यश आले नाही. मतदारांची मर्जी राखण्यासाठी एखादे मत आवरते घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांनी आघाडीवरील सेवा मागून घेतली. इजिप्तमध्ये आणि गॅलिपोलीच्या मोहिमेत काम केल्यावर १९१६ मध्ये ते स्वेच्छेने मेसोपोटेमियाला गेले. भारत सरकारच्या देखरेखीखाली चाललेल्या या मोहिमेची वैद्यकीय व्यवस्था पूर्णपणे कोलमडली होती. मांड्या मोडलेले जखमी सैनिक स्प्रिंग नसलेल्या, खेचरांच्या लष्करी गाड्यांतून खाचखळग्यांवरून नेले जात. नदीवरील बोटींत ते दिवसेंदिवस पट्टी न बदलता पडून राहात. भाजीपाल्याअभावी भारतीय जवानांत स्कर्व्ही पसरला होता. ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या आयोगाने १९१७ मध्ये या साऱ्यावर कठोर ताशेरे ओढले. हॉर्स्ले यांनी त्यापूर्वीच आपल्या पत्रांतून या अव्यवस्थेवर सडकून टीका केली होती. पाठीच्या कण्याला बसणारा एकेक हिसका काय करतो, हे त्या आघाडीवर त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार होते?

जुलैमध्ये अमाऱ्यात पारा सावलीतही असह्य चढतो. मद्य न पिणाऱ्याला उन्हाची बाधा होत नाही, अशी हॉर्स्ले यांची समजूत होती असे म्हणतात. ते भर उन्हात रुग्णांना पाहण्यासाठी पायी फिरत. त्यांना ताप आला, तो झपाट्याने चढत गेला आणि जेमतेम दीड-दोन दिवसांच्या आजारानंतर १६ जुलैला त्यांचा अंत झाला. त्यांना अमाऱ्यातच पुरण्यात आले.

तेथील जमिनीतील क्षारांमुळे थडग्यांचे दगड झिजू लागल्याने १९३३ मध्ये अमारा युद्धस्मशानातील सर्व शिळा काढून टाकण्यात आल्या आणि त्यांऐवजी नावे कोरलेली एक भिंत उभारण्यात आली. नदीच्या डाव्या काठावर भारतीय सैनिकांचे वेगळे स्मशान आहे. तेथे सुमारे पाच हजार जवानांचे स्मरण केले जाते. अंत्यविधींच्या पूर्ण नोंदी ठेवल्या गेल्या नसल्याने त्यांपैकी केवळ नऊ जणांची नावे ज्ञात आहेत.